"भाजीत गुपचूप गोळी मिसळा" वाल्या मेसेजला एका क्लिनिकल फार्मासिस्टचं उत्तर

"दारू सोडवायचा शंभर टक्के खात्रीचा उपाय" असा एक मेसेज सध्या नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, गावाकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय आणि इतक्या जणांनी मला तो पाठवून "ताई हे खरं आहे का" विचारलंय की एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. मेसेज लांबलचक आहे पण मुद्दे पाचच आहेत. एक, अ‍ॅडमिट केल्याशिवाय व्यसन सुटत नाही, ओपीडीत नुसते हेलपाटे. दोन, त्यापेक्षा दारू सोडवायची गोळी नाहीतर पावडर भाजीत किंवा चहात मिसळा, त्याला कळू देऊ नका. तीन, गर्दवाल्यांना (म्हणजे हेरॉइन, ब्राउन शुगर घेणाऱ्यांना) देतात ती जिभेखालची गोळी म्हणजे सरकारी नशा. चार, गोळ्या काय मेडिकलवाला पण देतो, ओपीडीत वेगळा फार्मासिस्ट कशाला. आणि पाच, इच्छाशक्ती असेल तर माणूस एका दिवसात सोडतो, पंधरा दिवसांत गोळ्याही बंद.

मी फार्म.डी. केलंय, म्हणजे बारावीनंतर ५ वर्षं शिक्षण आणि १ वर्ष इंटर्नशिप, आणि व्यसनमुक्तीच्या ओपीडीत काम करते. चौथा मुद्दा थेट माझ्या कामावर आहे, पण जिवावर बेतणारा मुद्दा दुसरा आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहिणार आहे.

पहिला मुद्दा: अ‍ॅडमिट केल्याशिवाय सुटत नाही

काहींना अ‍ॅडमिट करावंच लागतं. आधी कधी दारू बंद केल्यावर फिट आली असेल, भ्रम होऊन माणूस असंबद्ध बडबडायला लागला असेल, लिव्हर फार खराब असेल, घरी बघणारं कोणी नसेल, तर ओपीडीचा हट्ट धरूच नये. पण बाकी बऱ्याच जणांचे उपचार घरी राहून होतात. सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी सर्व्हेचा अहवाल २०१९ मध्ये आला, त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाला होता, आणि भरती होऊन उपचार मिळाले होते साधारण १८० जणांमागे एकाला. आता ह्या लोकांना "अ‍ॅडमिट व्हा नाहीतर काही उपयोग नाही" असं सांगितलं तर ते येणारच नाहीत. रिक्षा चालवणारा, सेंट्रिंगच्या कामावर जाणारा माणूस महिनाभर आत राहिला तर घर कसं चालणार? त्याच्यासाठी ओपीडी हाच रस्ता आहे.

दुसरा मुद्दा: जेवणात मिसळा, कळू देऊ नका

हे कृपा करून करू नका.

ह्या पुड्यांमध्ये नेमकं काय आहे हे बऱ्याचदा पुडीवर लिहिलेलंच नसतं. नुसता झाडपाला असेल तर पैसे गेले आणि उपचाराचे महिने गेले. पण मेसेजमधली "गोळी" म्हणजे डायसल्फिरॅम असेल तर गोष्ट फार गंभीर आहे. दारू पोटात गेली की तिचं आधी असिटाल्डिहाइड होतं आणि मग लिव्हर ते पुढे निकामी करतं, डायसल्फिरॅम हे दुसरं काम बंद पाडतं. त्यामुळे ते विष रक्तात साठतं, चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, उलट्या, छातीत धडधड, बीपी पडतं, आणि हृदय आधीच कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. ह्या औषधाची पहिली अटच अशी आहे की शेवटच्या घोटाला किमान १२ तास झाल्याशिवाय गोळी द्यायची नाही, आणि पेशंटला पूर्ण माहिती दिल्याशिवाय तर कधीच नाही. लपून देणाऱ्याला तो दुपारी नाक्यावर क्वार्टर मारून आलाय की नाही हे कुठे माहीत असतं? शिवाय गोळी बंद केल्यावरही जवळपास दोन आठवडे शरीरात परिणाम राहतो, म्हणजे तुम्ही घाबरून मिसळणं थांबवलंत तरी पुढच्या आठवड्यात तो प्यायला तर रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

आमच्याकडे एक वहिनी आल्या होत्या, नवऱ्याचा केसपेपर काढला पण बोलेनात, डॉक्टरांसमोरही गप्प. नंतर माझ्या टेबलाशी येऊन पदराच्या गाठीतून एक कागदाची पुडी काढून ठेवली, त्यात चुरलेली गोळी. नवऱ्याला त्या महिन्यात दोनदा रात्री कॅज्युअल्टीत न्यावं लागलं होतं, उलट्या आणि छातीत धडधड म्हणून, तिथे ईसीजी झाला, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन झालं, कारण गोळीचं कोणालाच माहीत नव्हतं आणि ह्यांना सांगायची भीती वाटली. मी त्यांना अजिबात दोष देत नाही, रोजची मारहाण आणि रिकामा डबा बघितलेल्या बाईने हाताला लागलं ते केलं. दोष ज्याने असा मेसेज बनवून पसरवला त्याचा आहे.

आणि तीच गोळी उघडपणे दिली तर चालते! नवऱ्याला समोर बसवून समजावलं, रक्ताच्या तपासण्या झाल्या, हृदय आणि लिव्हर ठीक निघालं, त्याने स्वतः हो म्हटलं, आणि मग रोज सकाळी चहाच्या आधी बायकोच्या समोर त्याने गोळी घ्यायची असं ठरलं. डायसल्फिरॅमचा फायदा जो दिसतो तो असं कोणाच्या तरी देखरेखीखाली घेतल्यावरच दिसतो, कारण दारूकडे हात जाताना "मी गोळी घेतली आहे" हे त्याला माहीत असणं हाच त्या औषधाचा अर्धा परिणाम आहे, ज्याला माहीतच नाही त्याचा हात कशाला थांबेल? कायद्याचंही सांगते, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये व्यसनातून होणारे मानसिक आजार धरलेले आहेत आणि उपचार संमतीने करायचे हाच त्याचा पाया आहे.

कोणी आधीच मिसळून देत असेल तर आज थांबवा, आणि त्याला काही त्रास झाला तर कॅज्युअल्टीत डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की डायसल्फिरॅम पोटात गेलंय. लाज वाटली तरी सांगा. तिथे बसलेल्या डॉक्टरला ह्या एका वाक्याने पुढचं सगळं कळतं.

तिसरा मुद्दा: जिभेखालची गोळी म्हणजे सरकारी नशा

मेसेजवाले बुप्रेनॉर्फिन नावाच्या औषधाबद्दल बोलतायत. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच ते आणि त्याच कामाचं मेथाडोन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलंय, आणि आपल्याकडे नॅको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) ते ओएसटी सेंटरमधून, म्हणजे गर्दऐवजी औषध देणाऱ्या केंद्रांतून, देतं, कर्मचाऱ्याच्या समोर, जिभेखाली विरघळेपर्यंत बसवून. गर्दने मेंदूतली जी कुलपं उघडतात तीच हे औषध अर्धवट उघडून अडवून ठेवतं, त्यामुळे टर्की, म्हणजे नशा बंद झाल्यावर होणारा त्रास, येत नाही, तलफ कमी होते, आणि एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी श्वास मंदावण्याचा परिणाम फारसा वाढत नाही. माणूस सकाळी गोळी घेऊन कामावर जातो, सुईपासून लांब राहतो म्हणजे एचआयव्ही आणि हेपेटायटिस सी पासूनही लांब राहतो. अनेक देशांतल्या अभ्यासांत ह्या उपचारावर असलेल्यांचे मृत्यू उपचार सोडलेल्यांच्या साधारण निम्मे किंवा त्याहून कमी दिसलेत, आणि उपचार मध्येच सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात कारण शरीराची सवय उतरलेली असते आणि माणूस जुनाच डोस घेतो. डायबेटिसवाला वर्षानुवर्षं इन्सुलिन घेतो त्याला कोणी इन्सुलिनचा व्यसनी म्हणत नाही.

धोका नाही असं मी म्हणत नाही. झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतलं, वरून दारू प्यायली तर ह्याच गोळीने श्वास बंद पडू शकतो. टर्कीची लक्षणं नीट दिसायच्या आधीच पहिला डोस दिला तर उलट जोरदार टर्की सुरू होते आणि पेशंट पुन्हा तोंड दाखवत नाही. म्हणूनच त्या खिडकीपाशी औषधाची जाण असलेलं माणूस लागतं, आणि मग आपण चौथ्या मुद्द्यावरच येतो.

चौथा मुद्दा: फार्मासिस्टचं तिथे काय काम

मेडिकलमधल्या माझ्या सहकाऱ्यांना कमी लेखायचं नाही, तेही नोंदणीकृत फार्मासिस्ट आहेत, पेशंटला समजावून सांगणं हे फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ प्रमाणे त्यांचंही काम आहे, आणि १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन ही कडक नोंदीच्या औषधांची यादी लागू झाल्यावर अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रॅमाडॉल असल्या औषधांची डॉक्टरच्या आणि पेशंटच्या नावानिशी नोंद ठेवून ती ३ वर्षं सांभाळावी लागते. पण संध्याकाळच्या गर्दीत काउंटरवर कोणाला वेळ असतो?

ओपीडीत मी नवीन पेशंटला एकच सांगते, घरात जेवढी औषधं आहेत तेवढी सगळी पिशवीत घालून आणा, तुमची, तुम्हाला कोणी दिलेली, अर्धी राहिलेली, सगळी. आणि मग ती पिशवी टेबलावर ओततो. एका काकांच्या पिशवीतून काय निघालं बघा: टीबीच्या गोळ्या, ज्यात आयसोनियाझिड असतं, आणि ते डायसल्फिरॅमबरोबर घेतलं तर चक्कर, तोल जाणं, वागणं बदलणं असे प्रकार होतात, शिवाय दोन्हींचा भार लिव्हरवर. जुलाब लागले म्हणून नाक्यावरून आणलेलं मेट्रोनिडाझोल, ते डायसल्फिरॅमच्या जोडीला घेतलं तर माणूस अक्षरशः भ्रमिष्ट होऊ शकतो. खोकल्याचं औषध. आणि तळाशी अशक्तपणासाठी म्हणून बहिणीने दिलेली अरिष्टाची बाटली! आसव आणि अरिष्टात आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, ते बाटलीवर छापलेलंही असतं, पण काकांच्या मते ते आयुर्वेदिक टॉनिक, दारूशी त्याचा काय संबंध. काकांना डायसल्फिरॅम सुरू करायचं ठरत होतं. ह्यातलं काही केसपेपरवर नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं, आणि डॉक्टरांना दोष कसा द्यायचा, बाहेर बाकांवर अख्खी ओपीडी ताटकळत बसलेली असते. मी जाऊन डॉक्टरांना सांगितलं, औषध बदललं, टीबी सेंटरला चिठ्ठी गेली.

टीबीचं अजून एक. रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध सुरू झालं की लिव्हर बुप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन भराभर संपवायला लागतं, आणि इतके दिवस बरा असलेला मुलगा अचानक टर्कीत येतो. घरचे म्हणतात पुन्हा सुरू केलं वाटतं. त्याने काहीच केलेलं नसतं, डोस कमी पडत असतो! हे वेळेत लक्षात आलं नाही तर तो खरंच पुन्हा गर्दकडे जातो आणि मग सगळे म्हणतात बघा, आम्ही म्हटलंच होतं.

नाल्ट्रेक्सोन ह्या तलफ कमी करणाऱ्या गोळीचं उलटं. ते चालू असताना ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी किंवा कोडीनचं खोकल्याचं सिरप काम करत नाही, आणि आधीच अफूच्या जातीचं काही चालू असेल तर ते बंद करून ७ ते १० दिवस झाल्याशिवाय नाल्ट्रेक्सोन द्यायचंच नाही. त्या पेशंटच्या पाकिटात मी एक कार्ड ठेवायला देते, उद्या अपघात झाला तर भूल देणाऱ्या डॉक्टरला कळायला हवं. दारूची तलफ कमी करणारं अकॅम्प्रोसेट किडनीतून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून डोस ठरवायचा आणि किडनी फारच कमजोर असेल तर द्यायचंच नाही. अशा गोष्टी मेसेजमधल्या "गोळ्या काय मेडिकलवाला पण देतो" ह्या वाक्याखाली दबून जातात.

आणि नुसतं औषधांचं नाही. "गोळी घेतोस ना रे?" असं विचारलं की शंभरातले शंभर "हो" म्हणतात. "गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?" असं विचारलं की मग तीनदा, चारदा, नाइट शिफ्ट होती, पोट दुखायचं, बायको माहेरी गेली होती, हे सगळं बाहेर येतं. डॉक्टरांना सांगायला घाबरतात ती स्लिप, म्हणजे मध्येच एकदा घेतलेली नशा, तीसुद्धा माझ्या टेबलावर सांगतात. इंग्लंडमध्ये तर कितीतरी पेशंट रोज गल्लीतल्या फार्मसीत जाऊन फार्मासिस्टसमोर मेथाडोनचा डोस पितात, अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत क्लिनिकल फार्मासिस्ट ठरवून दिलेल्या मर्यादेत डोससुद्धा बदलतात. आपल्याकडे फार्म.डी. २००८ ला सुरू झालं, दरवर्षी मुलं पास होतात आणि पोस्टच नाहीत म्हणून त्यातली बरीचशी कंपन्यांत डेटा भरायला जातात, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाचवा मुद्दा: एका दिवसात सोडा, पंधरा दिवसांत गोळ्या बंद

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दिवसापासून हात कापायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. ह्यात इच्छाशक्तीचा संबंधच नाही, मेंदूला दारूची सवय झालेली असते आणि ब्रेक अचानक निघतो. म्हणून डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड देऊन ते रोज थोडं थोडं उतरवत काही दिवसांत बंद करतात, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम, आणि सोबत बी-वन म्हणजे थायमिन. हे थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर जायला हवं, आणि अशक्तपणा आलाय म्हणून थेट सलाइन लावून घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवा, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. उतरत्या डोसच्या गोळ्या मी एकदम देत नाही, दोन-तीन दिवसांच्याच देते, आणि त्या घरच्या जबाबदार माणसाच्या हातात.

पंधरा दिवसांत बंद होतात त्या ह्या थरथरीच्या गोळ्या. तलफ कमी करणाऱ्या गोळ्या वेगळ्या, त्या काही महिने, बऱ्याचदा ६ ते १२ महिने चालतात, आणि दोन्ही स्ट्रिपांत फरक न कळल्यामुळे लोक नेमकं उलटं करतात, झोप लागते म्हणून डायझेपाम बाहेरून विकत घेऊन चालू ठेवतात आणि नाल्ट्रेक्सोन "आता बरा आहे" म्हणून सोडून देतात. मी स्ट्रिपवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून देते, एकीवर "ह्या तारखेला संपली की बंद", दुसरीवर "विचारल्याशिवाय बंद नाही". घरात कोणाचे उपचार चालू असतील तर आजच त्या स्ट्रिपा हातात घेऊन कुठली कोणती ते विचारून घ्या, आणि विचारायला जवळ कोणी नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानसचा १४४१६, दोन्ही फोन फुकट आहेत.