आधी हेड उघडा, मग लाखांच्या गोष्टी करा

"टायमिंग चेन लाइफटाइम असते साहेब, तिला काही बघावं लागत नाही." टायमिंग चेन म्हणजे इंजिनातले वॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करायला लावणारी साखळी. गाडी घेताना तिच्याबद्दल हे ऐकलं, नंतर दर सर्व्हिसिंगला ऐकलं. आता चेन गेल्यावर तोच सर्व्हिस ॲडव्हायजर तोंड पाडून म्हणतो, "नऊ वर्षं झाली ना साहेब, चेन जाणारच." अरे, मग लाइफटाइम कुणाची? चेनची, गाडीची की माझी?

सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड येते, हे मी जॉबकार्डवर लिहायला लावलं होतं. उत्तर ठरलेलं: "नॉर्मल आहे, ऑइल वर चढेपर्यंत येतो आवाज." नॉर्मल डोंबलाचं! चेन ताणून धरणारा टेन्शनर चालतोच ऑइलच्या प्रेशरवर. प्रेशर येईपर्यंत चेन रोज वाजत असेल तर ती ताणली गेलीय, टेन्शनर ढिला पडलाय, नाहीतर तिला जागेवर धरणारे प्लॅस्टिकचे गाइड झिजलेत. तेव्हाच कव्हर काढून बघितलं असतं तर चेन, टेन्शनर आणि गाइड बदलून विषय संपला असता. चेनऐवजी बेल्ट असलेल्या गाडीला निदान पुस्तकात लिहिलेलं असतं, इतक्या किलोमीटरला बेल्ट बदला. चेनवाल्याने काय बघायचं? पंचांग?

आणि किलोमीटरचं तर मुंबईत कुणी बोलूच नये. मुलुंडहून बीकेसीला जायचं म्हणजे मीटरवर वीसेक किलोमीटर पडतात आणि इंजिन दीड तास फिरलेलं असतं. एसी चालू, फर्स्ट-सेकंड गिअर, समोर बेस्टची बस. ऑइल मात्र दहा हजार किलोमीटरलाच बदलायचं. ते बिचारं पाच हजारातच काळं ठिक्कर झालेलं असतं आणि त्याच्याच जोरावर टेन्शनरने चेन ताणून धरायची.

शेवटी गाडी ईस्टर्न एक्सप्रेसवर ऐरोली जंक्शनच्या अलीकडे बसली. सेल्फ मारला तर नेहमीसारखं जड फिरेना, शिलाई मशीनसारखं नुसतं सुर्रकन फिरलं. कॉम्प्रेशनच नाही, सिलेंडरमध्ये हवा दाबलीच जात नव्हती! टोइंगवाल्या पोराने तो आवाज ऐकला आणि म्हणाला, "दादा, आता सेल्फ मारू नका, वॉल्व्ह गेले असतील." या सगळ्या प्रकरणात कामाचं बोललेला हा एकटाच माणूस.

पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँक दोनदा फिरला की वॉल्व्ह उघडणारा कॅम एकदा फिरतो, आणि ते गणित चेन सांभाळते. चेन गेली की कॅम जागच्या जागी थांबतो. क्रँक वेगात असतो, तो थोडाच थांबतोय! पिस्टन वर येतं आणि उघड्या राहिलेल्या वॉल्व्हवर आपटतं. माझ्या इंजिनात सोळा वॉल्व्ह आहेत. त्यातले किती वाकले, पिस्टनला नुसता डाग पडलाय की भोक, पिस्टनला क्रँकशी जोडणारा एखादा कनेक्टिंग रॉड वाकलाय का, हे हेड, म्हणजे इंजिनाचा वॉल्व्हवाला वरचा भाग, उतरवल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पण आमच्याकडे सगळ्यांना बॉनेट न उघडताच कळतं. सर्व्हिस सेंटर म्हणतं, अख्खी इंजिन असेंब्ली बदला. आकडा असा की तेवढ्यात अशीच दुसरी गाडी बाजारात मिळेल. वर ऐकवतात, "२२ सप्टेंबर २०२५पासून पार्टवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आलाय साहेब, आता स्वस्त पडेल." वा! लाखांच्या खड्ड्यात टाकताना दहा टक्क्यांची चादर अंथरतायत. हेड उघडून दाखवा म्हटलं तर, "आधी पूर्ण एस्टिमेटला अप्रूव्हल द्या." म्हणजे मी न बघता सही करायची, आणि हे सही झाल्यावर बघणार!

गल्लीतला एक मेकॅनिक म्हणाला, "फुल इंजिन बांधून देतो." रिंगा, बेअरिंग, सगळं नवीन. का? खालचं इंजिन बिघडलंय हे कशावरून? "एकदा उघडलंय तर करूनच टाकू." अरे बाबा, अजून उघडलंय कुठे?

मग मेव्हण्याचा फोन. "भाऊजी, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जा, सेकंडहँड इंजिन टाका, मोकळे व्हा." गेलो. एकाने ताडपत्रीखालचं इंजिन दाखवलं, "एकदम चालू माल." किती चाललंय? "कमीच." कोणत्या गाडीचं? "ॲक्सिडेंटची होती." दर पावसाळ्यात हिंदमाताला आणि मिलन सबवेत गाड्या बुडतात, त्यांची इंजिनं कुठे जातात, एवढंच विचारलं. गडी नुसता हसला. शिवाय इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद लागते, १९८८च्या मोटार वाहन कायद्यात तसं स्पष्ट आहे. त्यावर म्हणतो, "कोण बघतंय साहेब?" उद्या क्लेम आला की इन्शुरन्सवाला भिंग घेऊन बघेल.

इन्शुरन्सवाल्याचं तर नावच नको. मेकॅनिकल ब्रेकडाउन पॉलिसीत बसत नाही. इंजिन प्रोटेक्टचे जादा पैसे भरलेत म्हटलं, तर ते पाणी शिरलं किंवा ऑइल गळून इंजिन गेलं तरच. झीज म्हणजे तुमचं नशीब. आणि सोसायटीतले काका लिफ्टमध्ये, "विकून टाक रे, डोक्याला ताप कशाला?" काका, बंद इंजिनाच्या गाडीला भंगाराचा भाव मिळतो. आरसीची सहा वर्षं शिल्लक आहेत, बॉडीला गंज नाही, गिअरबॉक्स उत्तम. विकू कशाला?

मला जगावेगळं काही नकोय. प्लग काढून आत कॅमेरा घाला. हेड उतरवा, पिस्टनचे माथे दाखवा, बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडा आहे का ते दाखवा. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, खोला, कारण गाइडचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकले तर नवीन इंजिनकामही महिन्याभरात जाईल. खाली सगळं ठीक असेल तर हेड लेथवर पाठवा, वाकलेले वॉल्व्ह, सील, गॅस्केट, हेडचे बोल्ट नवीन, चेनचा पूर्ण सेट नवीन. रॉड वाकलेला निघाला तर मग असेंब्लीचं बोला, मी खुर्ची घेऊन बसतो ऐकायला.

आज परत मेसेज: "सर, अप्रूव्हल पेंडिंग. उद्यापासून पार्किंग चार्ज लागेल." लाव बाबा, एक दिवसाचा लाव. भांडुपचा एक मेकॅनिक माझ्यासमोर हेड उघडायला तयार झालाय आणि जुना पार्ट न् पार्ट हातात देणार म्हणालाय. उद्या सकाळी टो करून गाडी तिकडे जातेय. तुमचं एस्टिमेट लॅमिनेट करून ठेवा, पुढच्या बकऱ्याला कामाला येईल.