नाकाची सुट्टी

मालवणच्या सहलीचं वेळापत्रक ठरत असताना घरात कुणीतरी मोबाईलवरून मोठ्यानं वाचतं, "कयाकिंग, स्नॉर्कलिंग, नाश्त्यासह." त्यातलं 'नाश्त्यासह' एवढंच सगळ्यांना ऐकू जातं. उरलेल्या दोन शब्दांचा हिशेब पाण्यात उतरल्यावर होतो.

कयाक म्हणजे दोघांनी एकामागे एक बसून भांडायची होडी आणि स्नॉर्कल म्हणजे चुलीवरच्या फुंकणीला वरून बाक काढून पाण्यात तोंड घालून श्वास घेता यावा म्हणून तोंडात दिलेली नळी. सगळा कार्यक्रम तीन-चार तासांचा. त्यात सुखाची मिनिटं किती, हे एकाच गोष्टीवर ठरतं: माणूस किती जोर लावतो. जितका जोर जास्त तितकं सुख कमी. हे मी कितीही कानीकपाळी ओरडलो तरी उपयोग नाही. अडलेलं काम जोर लावला की होतं, असं आपल्याला बाटलीच्या झाकणापासून सरकारी फायलीपर्यंत सगळ्यांनी शिकवलेलं असतं.

पहिली कुरकुर वेळेवरून होते. "सुट्टीवर आलोय आणि सकाळी सातला कशाला?" याचं उत्तर शाळेच्या भूगोलात आहे. रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तोवर पाणी गप्प असतं. ऊन चढलं की खारे वारे सुटतात, पाण्याला सुरकुत्या पडतात आणि दुपारपर्यंत त्या सुरकुत्यांच्या लाटा होतात. दुसरं कारण भरती-ओहोटीचं. मुंबईकडचे कोळी तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाली मालवणकडे भरती त्याहून थोडी आधी लागते, पण रोज पाऊण-एक तास पुढे सरकण्याचा तिचा शिरस्ता तोच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची हालचाल कमी. नवख्या माणसानं भांगाचे दिवस गाठावेत. पण आपण सहल दिवाळीच्या सुट्टीला जोडतो आणि दिवाळीत अमावस्या ठरलेली.

देवबाग म्हणजे जमिनीची लांबट जीभ. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि टोकाला दोघांचा संगम. कयाक खाडीत चालवायची, नंतर मोटरबोटीनं सिंधुदुर्गाच्या तटाबाहेर जाऊन स्नॉर्कलिंग करायचं, हा नेहमीचा बेत. शहाणा गाइड जाताना प्रवाहाच्या उलट नेतो, म्हणजे दमल्यावर येताना पाणीच घरी आणतं. हौशी माणूस उलटं करतो. आधी प्रवाहाबरोबर सुसाट निघतो, "जमतंय की!" म्हणतो आणि परतीला तोंड फिरवल्यावर त्याची एका माडाशी ओळख होते. नवख्याचा वेग ताशी तीन-चार किलोमीटर. उधाणाच्या ओहोटीला खाडीचं पाणीही साधारण त्याच वेगानं समुद्राकडे चाललेलं असतं. वीस मिनिटं घाम गाळून मान वळवावी, तर तोच माड, तोच वाकडा बुंधा, त्याखाली तोच कुत्रा. अशा वेळी मधल्या धारेशी झुंजू नये. काठाला चिकटून वल्हवावं, तिथे प्रवाह मंद असतो. आणि ओहोटी लागल्यावर संगमाच्या तोंडाशी जाऊच नये. तिथे बाहेर निघालेलं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडतं, लाट आखूड होऊन उभी राहते आणि होडी आडवी सापडली की पालथी होते.

पर्यटकांना देतात त्या कयाकवर आपण वर बसतो, आत नाही. तिला बुडाशी आरपार भोकं असतात. ती दिसल्याबरोबर निम्मी मंडळी उतरायला बघतात. "अहो, भोकं आहेत हिला!" आहेतच. बैठक पाण्याच्या पातळीच्या वर असते, त्यामुळे लाटेचं पाणी आत आलं तरी त्या भोकांतून खाली निघून जातं. मात्र दोन्ही जागांवर भरभक्कम माणसं बसली की बैठकच पाण्याला टेकते आणि मग भोकांतून पाणी वर येतं. घाबरायचं काही नाही, होडी पोकळ आहे, बुडत नाही. फक्त दीड तास ओल्या बुडानं बसायचं. भोकात बोट घालून पाणी अडवणारे काका दर मोसमात भेटतात. बोट काढलं की होडी जाईल, या समजुतीनं ते वल्हवत नाहीत.

कोणी कुठे बसायचं हा खरा घरगुती प्रश्न. जड माणूस मागे, हलका पुढे. पुढचा जड असला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यात रुतते आणि होडी मनाला येईल तिकडे तोंड वळवते. पुढच्यानं लय धरायची, मागच्यानं ती पाळायची आणि दिशाही सांभाळायची. पण पुढच्याला मागचं दिसत नाही आणि मागच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. त्यात उजवीकडे वल्हं मारलं की होडी डावीकडे वळते.

"अहो, डावीकडे घ्या ना!"

"अगं, डावीकडेच मारतोय!"

"तेच तर! मारू नका डावीकडे, घ्या डावीकडे!"

होडी सरळ कांदळवनात घुसते. मुळ्यांवरच्या कालवांना ब्लेडसारखी धार असते, तेव्हा हातानं ढकलून बाहेर यायला जाऊ नये, वल्ह्यानं रेटावं. गाइड लांबूनच सांगतो, "वैनी, तुमी नुसता वल्हवत रवा. वळवूचा काम काकांचा." वैनी पुढची वीस मिनिटं या वाक्याचा विचार करत बसतात.

वल्हं धरायची रीत सोपी आहे. आडवं डोक्यावर धरावं, कोपरं काटकोनात यावीत, ती हातांची जागा. पात्याचा खोलगट भाग आपल्याकडे आणि पात्यावर काही छापलेलं असेल तर अक्षरं सुलटी. अक्षरं उलटी दिसत असतील, तर वल्हंही उलटं आहे. पातं पायाच्या पंज्यापाशी पाण्यात घालावं आणि कमरेपाशी बाहेर काढावं. त्यापुढे ओढलं तर होडी पुढे जायच्या ऐवजी वळते. आणि ओढायचं दंडानं नाही, कमरेतून धड फिरवून, पाय टेकणीला रेटून. दंडानं ओढणाऱ्याची दहा मिनिटांत खांदेदुखी सुरू होते. मग तो जोर वाढवतो. मग होडी गोल फिरते.

कधीतरी पालथी पडतेच. पडल्यावर वल्हं सोडू नये आणि होडी तर मुळीच सोडू नये. उताणी करून बाजूला यावं, पाय मागे मारत आडवं व्हावं आणि पोटावर झेपावावं. मग अंग पलटून बूड बैठकीत, पाय शेवटी. पोट, बूड, पाय हाच क्रम. आधी गुडघा टाकणारा पुन्हा पाण्यात जातो आणि जोडीदारालाही नेतो. काही जागी खाडी कमरेइतकीच असते, तरी माणसं "बुडालो!" ओरडत हात मारत राहतात. गाइड "उभे रवा" म्हणतो. उभं राहिल्यावर जी शांतता पसरते, ती ऐकण्यासारखी असते.

इथवर नाक ठीक असतं. त्याचे हाल किल्ल्यापाशी सुरू होतात.

शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. आज त्याच्या भोवतालचा समुद्र 1987 साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. तटाबाहेरच्या खडकांवर प्रवाळ आहे, मासे आहेत आणि हिवाळ्यात पाणी बऱ्यापैकी निवळतं. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर नद्यांचा गाळ अजून बसलेला नसतो. मग जे दिसतं ते तांदळाच्या पेजेत मासा दिसावा तसं दिसतं.

मास्क म्हणजे डोळ्यांसकट नाक झाकणारा काचेचा मुखवटा; त्यात नाक आत कोंडलं जातं. श्वास नळीतून, तोंडानं. लहानपणापासून "तोंड मिट, नाकानं श्वास घे" हे ऐकत वाढलेल्या माणसाला हे जमायला वेळ लागतो. गाइड म्हणतो, "काका, नाक इसरा. आता तोंडान जगूचा."

मास्क बसतो का, हे पट्टा न लावता बघावं. चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकानं हलकासा श्वास आत ओढावा. हात काढल्यावरही चिकटून राहिला, तर तो आपला. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर येतो, मानेवर नाही, आणि तो सैलसरच हवा. इथे पुन्हा जोर आड येतो. पाणी आत आलं की माणूस पट्टा आवळतो, आवळल्यानं सिलिकॉनची कड दुमडते आणि पाणी अजून येतं. मग अजून आवळतो. बाहेर आल्यावर दोन दिवस त्याच्या चेहऱ्यावर मास्कचा ठसा राहतो. चष्मा आत चालत नाही, काड्या कडेखाली येतात. केसांची एक बट कडेखाली राहिली तरी पाणी वाट काढतं.

आणि मिशी. मिशीवाल्या मराठी पुरुषाचा मास्क गळतोच, यात त्याच्या पराक्रमाचा काही दोष नाही. कड वरच्या ओठावर टेकते तिथे केसांमधून बारीक बारीक वाटा राहतात. पहिला थेंब नाकपुडीच्या काठाशी येऊन थांबतो. मग दुसरा येऊन त्याला मिळतो. दोघं मिळून नाकाखाली एक लहानसं तळं करतात आणि ते माणसाच्या हालचालीबरोबर डुचमळतं. माणूस सवयीनं नाकानं श्वास ओढतो आणि तळं घशात जातं. नाकातोंडात पाणी जाणं म्हणजे काय, हे त्या क्षणी व्याकरणासकट कळतं. उपाय दोन: नाकाखालची मिशी चिमूटभर कातरायची किंवा तिथे सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. पहिला उपाय सुचवल्यावर काही जण बोटीतच बसून राहतात.

पाणी आत आलंच तर डोकं बाहेर काढायची गरज नाही. मान जराशी वर करावी, मास्कची वरची कड कपाळाला दाबावी आणि नाकानं जोरात श्वास सोडावा. हवा वर साठते, पाणी खालून निघतं. नाकाला दिवसभरात दिलेलं हे एकच काम, आणि एवढ्या एकाच ठिकाणी जोर चालतो.

दुसरी भानगड वाफेची. नाकातून निघालेली गरम दमट हवा गार काचेला लागली की काच धुरकटते. यावर जगभर एकच जुना उपाय: काचेवर आतून थुंकावं, बोटानं पसरावं, समुद्राच्या पाण्यात एकदा हिसळावं. कोरड्या काचेवरच लावावं, नाहीतर थुंकी धरत नाही. आता ज्या घरात ताकाच्या भांड्याला उष्टा चमचा लागला तरी भांडं घासायला पडतं, त्या घरातल्या काकूंना भाड्याच्या मास्कमध्ये थुंकायला सांगणं हे धाडस आहे. आपल्याआधी याच मास्कमध्ये किती जण थुंकलेत, हा प्रश्न त्यांनी विचारू नये आणि आपण उत्तर देऊ नये. लहान मुलांच्या शाम्पूचे दोन थेंब सोबत न्यावेत, तेवढ्यानं भागतं आणि सोवळंही राहतं.

नळी साधारण एका फुटाची असते. "जरा लांब का नाही करत, खोल जाता येईल," असं इंजिनीअर भाचा विचारतोच. लांब नळीत आपलीच सोडलेली हवा अडकते आणि तीच आपण पुन्हा आत घेतो. शिवाय मीटरभर खोलीवर पाणी छातीवर इतकं रेटतं, की बरगड्या फुगवायला जड जातं. तेव्हा फूटभर नळी आणि पाण्याला समांतर अंग. नजर खाली आणि जराशी पुढे. पाय बघायला हनुवटी छातीला लावली की नळीचं टोक पाण्यात जातं. पाणी शिरलं तर चूल पेटवताना मारतो तशी एकच झणझणीत फुंकर. हळूहळू फुंकलं तर पाणी नळीत नुसतं गुडगुडतं.

हे जमलं की समोर पिवळ्या पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे मासे येतात आणि माणूस हसतो. हसू नये. हसताना गाल वर जातात, कड सुटते. मग तो आनंदानं अंगठा वर करतो. अंगठा वर म्हणजे डायव्हरच्या भाषेत 'वर जाऊ या'. गाइड लगेच बखोटं धरून वर काढतो. "मस्त" सांगायचं असेल, तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करावा. मास्क कपाळावर चढवून फोटोही काढू नये; एक लाट आली की तो तळाला जातो आणि त्याचे पैसे बिलात चढतात.

पाण्यातून बघताना सगळं तिसऱ्या हिश्श्यानं मोठं आणि पाव अंतरानं जवळ दिसतं. म्हणून वितभर मासा जेवताना हातभर होतो. "हा खातात का?" हा प्रश्न अभयारण्यात विचारणं बरं नव्हे, पण विचारला जातोच. माशांना ब्रेडचे तुकडे टाकायची पद्धत मला अजिबात पटत नाही. ब्रेड त्यांचं अन्न नव्हे, आणि आयतं मिळालं की खडकावरचं शेवाळ खायचं सोडून ते बोटीमागे फिरतात. दमलं की खडकावर उभंही राहू नये. प्रवाळ जिवंत असतं आणि फार सावकाश वाढतं. गाइडच्या हातातली हवा भरलेली ट्यूब धरून तरंगत राहावं.

पाठ वर करून तास काढल्यावर उन्हाची खरी कमाई रात्री कळते: मानेची मागची बाजू, पोटऱ्या आणि गुडघ्यामागची खळगी. त्यापेक्षा लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि लांब पँट घालावी. ऑक्सिबेन्झोनसारखी प्रवाळाला घातक रसायनं असलेली सनस्क्रीन हवाईत 2021 पासून विकता येत नाहीत. आपणही लावण्याआधी डबीवरचं बारीक अक्षर वाचायला हरकत नाही. आणि पाणी कोमट वाटलं तरी हवेपेक्षा ते कितीतरी वेगानं अंगातली ऊब काढतं. ओठ निळे पडायला लागले की बोटीत यावं, "अजून पाचच मिनिटं" करू नये.

किनाऱ्यावर परत आल्यावर सगळं विसरायला होतं. अंघोळ होते, कपडे बदलतात, खानावळीत ताट येतं: तिखलं, भात, सोलकढी. नाक सकाळपासून गप्प असतं. पण मास्कमधून, लाटांमधून मिळालेलं पाणी त्यानं आत सायनसमध्ये जपून ठेवलेलं असतं. खाली पडलेला चमचा उचलायला माणूस वाकतो आणि वर येताना ताटावर झुकतो, तेवढ्यात कसलीही पूर्वसूचना न देता अरबी समुद्राची एक धार थेट सोलकढीच्या वाटीत.

"मीठ बरोबर झालाहा मा?" वाढणारी बाई विचारते.