मीटरवर 12 व्होल्ट दिसले म्हणजे वायरिंग ओके? अजिबात नाही

ट्रक चालता चालता बंद पडण्यावरचा तो मेसेज पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय की टाकीजवळचा इंधन पंपाचा कनेक्टर काढा, मीटर लावा, 12 व्होल्ट आले तर वायरिंग ओके आणि पंप गेला, बदलून टाका. रिले, म्हणजे पंपाचा सप्लाय चालू-बंद करणारा छोटा स्विच, टक् वाजला की रिले चांगला. चावी फिरवल्यावर पंपाचा आवाज आला तर पंप चांगला. आणि फ्यूज सारखा उडत असेल तर एक साइज मोठा टाका. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे आणि शेवटची तर धोकादायक आहे, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक त्या 12 व्होल्टची. कनेक्टर काढून मीटर लावलं की वायरमधून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे आतली वायर तुटून एकच तार शिल्लक असली, पिनवर हिरवा गंज चढला असला तरी मीटर पूर्ण बॅटरी व्होल्टेजच दाखवणार. समजा त्या खराब पिनला अर्धा ओहम रेझिस्टन्स आहे आणि पंप 6 अँपिअर ओढतो, तर पंप चालू झाला की 3 व्होल्ट तिथेच गेले, पंपाला 12 मधले मिळाले नऊच. पंप फिरतो, पण प्रेशर पडतं, आयडलला गाडी ठीक वाटते आणि चढावर लोड आला की मिसिंग करत बंद. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. मेकॅनिकने 12 व्होल्ट बघून पंप बदलला, 15 दिवसांत गाडी परत तशीच बंद, आणि शेवटी सापडलं काय तर चेसिसवरचा गंजलेला अर्थचा बोल्ट. जुना पंप चांगलाच होता.

मग तपासायचं कसं? कनेक्टर जोडलेलाच ठेवा, पंप चालू असताना मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसला आणि दुसरा मागच्या बाजूने पंपाच्या प्लस पिनला लावा. इथे साधारण अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. मग बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या अर्थ पिनपर्यंत, तिथे 0.2 च्या आसपास किंवा कमी. प्लसच्या बाजूला दोन-तीन व्होल्ट दिसले तर एक प्रोब बॅटरीच्या प्लसलाच ठेवून दुसरा एकेक टप्पा पुढे सरकवा, आधी फ्यूज, मग रिलेची 30 नंबर पिन (सप्लाय इथे येतो), मग 87 (इथून पंपाकडे जातो), मग टाकीचा कनेक्टर, आणि जिथे आकडा एकदम वाढतो तिथेच फॉल्ट. एक लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांत चावी ऑन केल्यावर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पंपाला फक्त 2 सेकंदांच्या आसपास सप्लाय देतो, इंजिन फिरलं तरच पुढे देतो. त्यामुळे उशिरा मीटर लावून प्लसच्या बाजूला पूर्ण 12 व्होल्ट दिसले म्हणून वायर तुटली असं धरू नका.

रिलेचं टक् म्हणजे 85 आणि 86 नंबर पिनांमधल्या कॉइलने आतला कॉन्टॅक्ट ओढला, एवढंच. 30 आणि 87 चा कॉन्टॅक्ट जळून काळा पडला असला तरी टक् वाजतोच. आतल्या सोल्डरला बारीक तडा असेल तर थंड असताना रिले मस्त चालतो, गरम झाला की तुटतो, दहा-वीस मिनिटं थांबलं की गाडी परत सुरू. त्यामुळे थंड गाडीवर तपासून काही सिद्ध होत नाही हो, गाडी बंद पडेल त्याच क्षणी तपासावं लागतं, मीटरच्या वायरी लांब करून केबिनपर्यंत आणून ठेवल्या तर चालत्या गाडीत शेजारच्याला आकडा बघता येतो.

आवाजाचंही तेच, कमी व्होल्टेजवरही पंप गुणगुणतो. फ्युएल प्रेशर गेज लावल्याशिवाय पंप चांगला म्हणू नका.

आता फ्यूज. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो उडतोय म्हणजे वायर कुठेतरी घासून चेसिसला लागतेय किंवा पंप जाम होऊन जास्त करंट ओढतोय. 15 च्या जागी 30 अँपिअरचा टाकला तर फ्यूज टिकेल आणि वायर तापेल, तीही इंधनाच्या टाकीला लागून. कृपा करून हे कुणीही करू नका. तसंच रिले काढून त्याच्या 30 आणि 87 या जागा वायरने थेट जोडून (जंपर मारून) गाडी पळवणं. तपासण्यापुरतं, मध्ये फ्यूज टाकून, दोन-चार मिनिटं ठीक आहे, पण तसंच रस्त्यावर नेलं आणि अपघातात इंजिन थांबलं तर पंप इंधन फेकतच राहतो. नव्या गाड्यांत पंपाचा स्पीड कंट्रोल करणारं मॉड्यूल असतं, तिथे तर जंपर मारूच नका.

आणि पंपाला हात लावायच्या आधी गाडी कशी बंद पडते ते बघा. स्विच ऑफ केल्यासारखी झटक्यात गेली तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का हे ईसीयूला सांगणारा) किंवा इग्निशन स्विचवर आधी संशय घ्या, धापा टाकत गेली तर इंधनावर. स्कॅनरवर (ईसीयूतले फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) पी0335 आला तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पी0230 आला तर पंपाच्या कंट्रोलचं सर्किट. आणि जुन्या डिझेल ट्रकवाल्यांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या गाडीत फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) इंजिनवरच मेकॅनिकल असतो, टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतोच, तिथे आधी लाइनमध्ये हवा, चोक झालेला फिल्टर आणि स्टॉप सोलेनॉइडची (इंजिन बंद करायला डिझेल तोडणारा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह) वायर बघा.