टाइप-सी दिसलं म्हणून ग्राफिक्स कार्ड लागत नाही, भिया

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय, रामबागेतल्या एका काकांनी तर मला दोनदा पाठवला. म्हणणं असं की लॅपटॉपला टाइप-सी आहे ना, मग महागडा गेमिंग लॅपटॉप कशाला, सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड आणि स्वस्तातला राइजर (कार्ड लांबून जोडायची पट्टी आणि केबल) घ्या, टाइप-सीला जोडा, पॉवरपण तिथूनच मिळते, डेस्कटॉपसारखा परफॉर्मन्स. खाली निळ्या केबलचा फोटो. लोक हे वाचून जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात निघालेत आणि तिथे कुणी ना कुणी "लग जाएगा भिया" म्हणणारा भेटतोच.

आता एकेक बघू. "टाइप-सी आहे ना" — अहो ते फक्त तोंड आहे. सराफ्यात गराडू पण दोन्यात आणि दहीवडा पण दोन्यात, नुसता दोना बघून आत काय ते कसं कळणार? त्याच आकाराच्या पोर्टमागे कुठे ४८० मेगाबिटचं जुनं यूएसबी २ असतं, कुठे ५ नाहीतर १० गिगाबिट, कुठे थंडरबोल्ट, म्हणजे ह्यांच्यापेक्षा कितीतरी वेगवान प्रकार. ग्राफिक्स कार्डाला पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे मदरबोर्ड आणि कार्डामधला डेटाचा थेट रस्ता, लागतं, ते पोर्टातून बाहेर येत असेल तरच विंडोजला कार्ड दिसणार. थंडरबोल्ट ३, ४, ५ मधून येतं. यूएसबी४ मधून येऊ शकतं, पण लॅपटॉप बनवणाऱ्यावर ते देण्याची सक्ती नाहीये, म्हणून मॉडेलची माहिती वाचावी लागते. साध्या १० गिगाबिटवाल्यातून येतच नाही.

ह्यावर लगेच उत्तर येतं की एनव्हीएमई एसएसडी (लॅपटॉपमधलं वेगवान स्टोरेज) डबीत घालून टाइप-सीला चालते की, ती पण पीसीआय एक्सप्रेसच ना! मुद्दा हुशार आहे पण चुकीचा. त्या डबीत एक ब्रिज चिप असते, ती एसएसडीशी पीसीआय एक्सप्रेसमध्ये बोलते आणि लॅपटॉपशी यूएसबीमध्ये, लॅपटॉपला वाटतं मोठा पेनड्राइव्ह लागलाय. स्टोरेजसाठी यूएसबीत ठरलेली पद्धत आहे म्हणून ते जमतं, ग्राफिक्स कार्डासाठी तशी काही नाही. आणि टाइप-सीवरून टीव्हीवर पिक्चर दिसतो तो लॅपटॉपच्या आतल्याच ग्राफिक्सचा, बाहेर नुसतं चित्र जातं.

फोटोतली निळी केबल म्हणजे खरा घोळ. तो मायनिंगचा राइजर आहे, क्रिप्टोवाले एका मदरबोर्डला पाच-सहा कार्डं लावायचे त्यातला. छोटी पट्टी मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये, दुसऱ्या टोकाला कार्ड, मध्ये यूएसबी ३ ची केबल. केबल यूएसबीची, पण आतून धावतं पीसीआय एक्सप्रेस आणि तेही एकच लेन, म्हणजे डेटाची एकच वाट! यूएसबीची केबल स्वस्त आणि बरी शिल्ड केलेली मिळते म्हणून वापरली, बस. ती कन्व्हर्टर लावून लॅपटॉपच्या यूएसबीला खुपसली तर काही चालणार नाही, उलट पोर्ट जायची भीती.

पॉवरचं तर विचारूच नका. टाइप-सीचे १०० वॅट म्हणतात ना, ते चार्जरकडून लॅपटॉपच्या आत येतात, पोर्टातून बाहेर साधारण १५ वॅटच्या आसपास. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॅट खातं. म्हणजे वेगळा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आलाच, किंवा त्याच्यासकट येणारा कार्ड बसवायचा डबा, आणि तो डबा स्वस्त नसतो.

डेस्कटॉपसारखा परफॉर्मन्स? थंडरबोल्ट ३ आणि ४ चे ४० गिगाबिट म्हणतात त्यात कार्डाच्या वाट्याला जास्तीत जास्त ३२, डेस्कटॉपच्या पीसीआय एक्सप्रेस ३ च्या सोळा लेनच्या स्लॉटला साधारण १२६. गेममध्ये फरक पडतो, आणि लॅपटॉपच्याच स्क्रीनवर खेळलात तर तयार फ्रेम त्याच वायरने परत येतात, अजून कमी. मॉनिटर सरळ कार्डाला लावा. ब्लेंडर सॉफ्टवेअरमधलं थ्रीडी रेंडरिंग किंवा घरी एआय मॉडेल चालवणं ह्यात मात्र एकदा सगळं कार्डाच्या मेमरीत बसलं की वायरचं एवढं काही वाटत नाही, तिथे हा खर्च मला पटतो.

"पण साध्या यूएसबी ३ वर चाललेला व्हिडिओ आहे!" आहे, खोटा नाही. २०२५ मध्ये टायनी कॉर्प ह्या एआयवाल्या कंपनीने एएमडीचं कार्ड तसं चालवून दाखवलं, पण खास कंट्रोलर चिप, ड्रायव्हर स्वतःचा, आणि ते फक्त एआयच्या हिशेबासाठी. त्यावर तुमचा जीटीए नाही चालणार.

ॲपलच्या एम१ चिपपासूनच्या मॅकवर गेमिंगसाठी हा विचारच सोडा.

ज्यांना करायचंच आहे त्यांनी आधी पोर्टाशेजारी थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह आहे का बघा, पण काही कंपन्या चार्जिंगसाठीपण तसलंच काहीतरी छापतात, म्हणून विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये यूएसबीखाली यूएसबी४ चं पान येतं का तेही बघा. केबल थंडरबोल्टचीच घ्या, फोनची चार्जिंगवाली नको. आणि दुकानात लॅपटॉप सोबत न्या, काउंटरवर जोडून डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नाव दिसेपर्यंत पैसे काढू नका, मग तो कितीही "लग जाएगा" म्हणू दे.