लन्सफर्डचा बँड ऐकायचा असेल तर आधी बघा

स्विंगच्या, म्हणजे नाचायच्या जॅझच्या, जमान्यातल्या बिग बँडचा (मोठ्या वाद्यवृंदाचा) विषय निघाला की जॅझमधल्या जाणकारांकडून एक मत हमखास ऐकू येतं. संगीत उत्तम होतं, पण देखावा फार. ट्रम्पेट हवेत फेकून झेलायचे, हॅट हलवायच्या, सॅक्सोफोनवाल्यांची अख्खी रांग एका तालात झुलायची, हे सगळं म्हणे गल्ला भरण्यासाठी. खरं संगीत शोधायचं असेल तर डोळे मिटून ऐका.

मला हे अजिबात मान्य नाही. डोळे मिटलेत तर अर्धं संगीत हातचं जाईल, असं मी अगदी गंभीरपणे म्हणतोय.

अमेरिकी बँडप्रमुख जिमी लन्सफर्डचं उदाहरण घेऊ. व्हिटाफोन कंपनीने १९३६ साली त्याच्या बँडवर एक छोटी फिल्म काढली होती. ती यूट्यूबवर सापडते, जरूर बघा. लन्सफर्ड स्वतः क्वचितच वाजवतो. हातात लांब छडी घेऊन तो समोर उभा असतो, ताठ आणि हसतमुख. फिस्क विद्यापीठातून पदवी घेतलेला हा माणूस मेम्फिसच्या मनासस हायस्कूलमध्ये शिक्षक होता, आणि तिथल्याच विद्यार्थ्यांना घेऊन त्याने बँड उभा केला. १९३४ साली हा बँड न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबमध्ये पोचला. मास्तरांची शिस्त पुढेही दिसत राहते. कपडे एकसारखे, उठणं-बसणं एकदम, आणि मधेच वाद्यं खाली ठेवून सगळे मिळून गायला लागतात.

आता त्या हॅटकडे नीट बघा. ट्रम्पेट किंवा ट्रॉम्बोनच्या तोंडासमोर डर्बी हॅट धरली की आवाज दबतो, बाजूला केली की मोकळा होतो. पाच-सहा जणांनी एकाच मात्रेवर हॅट आत-बाहेर केल्या की अख्खा सेक्शन, म्हणजे ती सगळी रांग, 'वा-वा' असा बोलायला लागतो. म्हणजे प्रेक्षकाला जी हालचाल दिसते तीच कानाला ऐकू येते. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये ट्रम्पेटवाला बबर मायली आणि ट्रॉम्बोनवाला ट्रिकी सॅम नँटन हेच काम तुंबलेलं बेसिन मोकळं करायच्या रबरी पंपाने करत. पंपाचा दांडा काढून टाकायचा, उरलेली वाटी वाद्याच्या तोंडावर धरायची, आणि त्यातून गुरगुरणं, रडणं, बोलणं काढायचं. यातला देखावा कुठला आणि संगीत कुठलं, हे मला कुणीतरी वेगळं करून दाखवावं. वारीत पावली खेळणाऱ्या वारकऱ्याचा टाळ आणि पाऊल जसं वेगळं काढता येत नाही, तसंच हे आहे.

उठून उभं राहण्याचंही तेच. पुढे सॅक्सोफोन, त्यामागे ट्रॉम्बोन, सगळ्यात वर ट्रम्पेट आणि एका बाजूला पियानो, गिटार, बास, ड्रम्स अशी बैठक असते. अरेंजमेंटचा, म्हणजे कुणी कधी काय वाजवायचं या मांडणीचा, सगळा जीव सवाल-जवाबात. सॅक्सोफोन काहीतरी म्हणतात, वरून पितळी वाद्यं उत्तर देतात. उत्तर देणारी रांग उभी राहिली की तिचा आवाज पुढच्यांच्या डोक्यांवरून थेट हॉलमध्ये येतो, आणि शेवटच्या कोपऱ्यात नाचणाऱ्यालाही कळतं की आता कुणाचं बोलणं चाललंय. बंदिशीची रचनाच डोळ्यांसमोर मांडलेली असते. साय ऑलिव्हरने लन्सफर्डसाठी केलेल्या अरेंजमेंट ऐकताना मला हे फार जाणवतं. त्याच्या रचनेत एखादा सेक्शन दोन मात्रांपुरता येतो आणि लगेच गप्प होतो. जागा सोडायची त्याची हिंमत मोठी. खाली जिमी क्रॉफर्डचे ड्रम्स इतके निवांत चालतात की बँड कधी घाई करतोय असं वाटतच नाही.

देखावा म्हणजे फक्त उड्या नव्हेत, हेही सांगायला हवं. दुसरा बँडप्रमुख काउंट बेसी पियानोवर जवळजवळ न हलता बसायचा. तीन सूर, एक नजर, आणि पुढच्या क्षणी सगळा बँड फुटायचा. ग्लेन मिलरचा बँड मला तितकासा भिडत नाही, त्याची सफाई कधीकधी गुळगुळीत होते. तरी 'इन द मूड'च्या शेवटी तीच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी आणखी हळू आवाजात वाजते, संपली संपली वाटते आणि मग एकदम पूर्ण ताकदीने उसळते, त्याला तोड नाही. नाचणाऱ्यांना श्वास रोखून उभं करणं ही मोठी कला आहे.

आणि हे सगळं नाचणाऱ्यांसाठीच होतं. हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत सॅव्हॉय बॉलरूम हे नाचघर होतं, तिथे दोन मंच होते, एक बँड थांबला की दुसरा सुरू. ११ मे १९३७ ला तिथे चिक वेब आणि बेनी गुडमन यांचे बँड समोरासमोर आले. गुडमन तेव्हा देशभर गाजत होता. वेब लहानपणीच्या मणक्याच्या क्षयामुळे खुजा आणि पाठीत वाकलेला, उंच चौथऱ्यावर मोठाल्या ड्रम्समागे जेमतेम दिसायचा. त्या रात्री बाजी त्याने मारली, आणि गुडमनचा ड्रमर जीन क्रुपा याने त्याला वाकून मुजरा केला. निकाल दिला तो नाचणाऱ्या पायांनी.

एक आक्षेप मात्र मी टाळणार नाही. कॉटन क्लबमध्ये वाजवणारे काळे आणि गिऱ्हाईक गोरे. अशा ठिकाणी हसून, झुलून वाजवणं म्हणजे लाचारी नव्हे का, असं विचारणारे आहेत आणि तो प्रश्न खरा आहे. पण लन्सफर्डच्या बँडने हाच खेळ हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये आपल्या लोकांसमोरही केला. एकसारख्या उंची पोशाखातले, वाचून बिनचूक वाजवणारे, मास्तराच्या इशाऱ्यावर चालणारे ते तरुण मला लाचार दिसत नाहीत. त्यांची फरफट झाली ती पैशात. गावोगाव एकेका रात्रीचे कार्यक्रम, लांबलचक प्रवास, पगार तुटपुंजा. १९४२ मध्ये पगारावरूनच बरेच जण सोडून गेले, त्यात विली स्मिथसारखा ऑल्टो सॅक्सोफोनवालाही होता. ऑलिव्हर तर १९३९ लाच टॉमी डॉर्सीच्या बँडकडे गेला होता. पुढे युद्ध, वादकांच्या संघटनेने घातलेली रेकॉर्डिंगवरची बंदी, नाचघरांवरचा कर, आणि १९४७ साली लन्सफर्डचा मृत्यू.

या परंपरेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबीचा अमेरिकी बँड ताजमहाल हॉटेलात आला, मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड हे अमेरिकी वादक. त्यांच्याकडे बघत-ऐकत गोव्याचे वादक तयार झाले. हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यातलाच. पुढे तो संगीतकार सी. रामचंद्र ऊर्फ अण्णांबरोबर काम करू लागला, आणि १९५१ च्या 'अलबेला'त आपल्या बँडसकट, झालरीच्या बाह्यांचे कपडे घालून पडद्यावरही आला. अण्णांना ती गंमत नेमकी कळली होती. बँड पडद्यामागे लपवायचा नसतो.

सुरुवात करायची असेल तर लन्सफर्डचं १९३७ चं 'फॉर डान्सर्स ओन्ली' लावा. मग १९३९ चं 'टेन्ट व्हॉट यू डू', त्यात ट्रमी यंग गातो आणि बँड त्याला उत्तरं देतो. नंतर ती फिल्म. हेडफोन नको, स्पीकरवर आणि जरा मोठ्याने. आणि कुणाच्या घरी डेक्का कंपनीने काढलेल्या लन्सफर्डच्या जुन्या ७८ च्या तबकड्या असतील तर खाली नक्की लिहा, मला त्या ऐकायला यायचंय.