‘आता सोडून काय उपयोग?’ हा सल्ला घातक आहे

काही महिन्यांपूर्वी दारू सोडलेल्या माझ्या मामांना कुणीतरी एक व्हायरल संदेश पाठवला. मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून वीस वर्षे प्यायल्यावर सोडून उपयोग नाही; विसराळूपणा वयामुळे येतो; जीवनसत्त्वाची गोळी घेतली की मेंदू सुरक्षित राहतो; आणि एकदम सोडली तर जीव जातो, असे त्यात म्हटले आहे. तो वाचून मामांनी “मग मी हे कशासाठी करतोय?” असे विचारले, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. दीर्घकाळच्या अतिमद्यपानाने मेंदू आक्रसतो हे खरे. पण त्यातला मोठा वाटा पेशींना जोडणाऱ्या तंतूंच्या, म्हणजे श्वेतद्रव्याच्या, झिजेचा असतो आणि ही झीज अंशतः भरून येऊ शकते. १९७८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात कार्लेन आणि सहकाऱ्यांनी आठ जुन्या मद्यपींच्या, काही काळाच्या अंतराने पुन्हा काढलेल्या सीटी स्कॅनचे निष्कर्ष मांडले. त्यांपैकी चौघांचा मेंदू काही प्रमाणात पूर्ववत झालेला दिसला, आणि दारूपासून दूर राहून दैनंदिन व्यवहारातही सुधारलेले नेमके तेच चौघे होते. आठ ही संख्या लहान आहे, हे मान्य; परंतु नंतरच्या एमआरआय अभ्यासांतही हाच कल दिसला असून, सुधारणा पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते. पेशी परत येत नाहीत म्हणून मेंदू सुधारतच नाही, हा निष्कर्ष कुठून काढला?

दुसरा दावा विसराळूपणाचा. ज्या मद्यपीला जुने किस्से तपशिलासह आठवतात, पण औषध आणताना वीजबिलही भरून या म्हटले की दुसरे काम हटकून राहते आणि ऐनवेळी बेत बदलला की जो गोंधळून चिडतो, त्याचे दुखणे वयावर ढकलू नये. नियोजन करणे आणि स्वतःला आवर घालणे ही कपाळामागच्या भागाची कामे आहेत, आणि दारूचा मारा तिथे विशेष होतो.

गोळीचा दावा अर्धवट आहे. दारूमुळे थायमिन, म्हणजे बी-१, शरीरात नीट शोषले जात नाही. त्याच्या तीव्र कमतरतेत गोंधळ उडणे, तोल जाणे किंवा डोळ्यांची हालचाल बिघडणे यांपैकी काहीही दिसले, तरी इंजेक्शनने तातडीचे उपचार लागतात. अन्यथा कोर्साकॉफ आजारात नवी आठवण टिकेनाशी होते आणि ते नुकसान बहुधा पूर्ण भरून येत नाही.

शेवटच्या दाव्यात मात्र तथ्य आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकते. म्हणून सोडण्याआधी डॉक्टरांना गाठून रोजचे प्रमाण खरे सांगावे आणि त्यांच्या देखरेखीखाली सोडावी.