९९ पर्सेंटाइल आणि हुकलेलं सीओईपी

इंजिनिअरिंगच्या सीईटी या प्रवेश परीक्षेत ९९ पर्सेंटाइल मिळूनही पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग संस्थेत कॉम्प्युटर शाखा मिळाली नाही म्हणून जेवण सोडलेल्या मुलीबद्दल वाचून जीव कळवळला. मी बारावीला गणित शिकवते. दर जुलै-ऑगस्टमध्ये कॅपच्या, म्हणजे सामायिक प्रवेश फेऱ्यांच्या, याद्या लागल्या की अशी मुलं भेटायला येतात, आणि ती वर्गातली सर्वांत मेहनती मुलं असतात.

सीईटीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाला तीन लाखांहून जास्त मुलं बसतात. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली ९९ मुलं मागे, पण पुढे उरलेला एक टक्काही तीन हजारांवर मुलांचा! सीओईपी आणि मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या जागा त्यापुढे किती पुरणार? तिचा अभ्यास कमी पडला नाही, जागाच कमी आहेत. हे तिला कागदावर आकडे मांडून दाखवा. हुशार मुलांना ‘होईल सगळं नीट’ यापेक्षा हिशोब लवकर पटतो.

रडू आलं तर रडू द्या. दहावीपासून ‘ही तर टॉपर’ ऐकत आलेल्या मुलीला हा पहिलाच नकार असतो, तो पचायला वेळ लागणारच.

मिळालेल्या कॉलेजात पहिल्या वर्षाचे गुण मनापासून सांभाळ, बाळा. जागा रिकाम्या असतील तर दुसऱ्या वर्षी शाखा बदलता येते. पुढे गेट ही प्रवेश परीक्षा दिलीस तर आयआयटीत एमटेकलाही जाता येतं, तिथे गेटचा स्कोअर बघतात.

आणि आईबाबांनो, नातेवाइकांचे ‘कुठे मिळालं?’ विचारणारे फोन सध्या तुम्हीच घ्या. तिच्या हातात देऊ नका.